एक महिन्याची मुदत, बारा वर्षांचे हप्ते

२८ डिसेंबर १९४८ रोजी मुंबई प्रांतात नवा कूळकायदा अमलात आला, तेव्हा पलूस हे सातारा जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातलं एक गाव होतं. पुढल्याच वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं आणि पलूसचा स्वतंत्र तालुका तर त्यानंतर बऱ्याच काळाने झाला. त्या दिवसांत पलूस, भिलवडी, अंकलखोप या गावांतल्या माणसाला जमिनीच्या कुठल्याही कामासाठी तासगावची कचेरी गाठावी लागे.

कूळकायदा म्हटलं की आजही लोकांच्या तोंडी ‘३२ ग’ येतं. त्याच कायद्यातल्या कलम ६४ बद्दल फारसं कुणी बोलत नाही. पण जमीन विकताना पहिला हक्क कुणाचा, या जुन्या प्रश्नाला महाराष्ट्रात कायद्याने दिलेलं सर्वांत स्पष्ट उत्तर तिथे आहे. मालकाला शेतजमीन विकायची असेल तर त्याने आधी शेतजमीन न्यायाधिकरणाकडे अर्ज करून वाजवी किंमत ठरवून घ्यायची. मग क्रमाने विचारायचं: पहिला हक्क जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळाचा, त्यानंतर लगतची जमीन स्वतः कसणाऱ्याचा, त्यानंतर सहकारी शेती संस्थेचा, मग इतर शेतकऱ्याचा. हा क्रम डावलून केलेली विक्री बेकायदा. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यालाही त्यात जागा होती, हे विशेष.

हक्क असा ठसठशीत. पण त्याच्या मागोमाग मुदत होती. घ्यायची इच्छा आहे असं एक महिन्यात कळवायचं. मालकाची लेखी नोटीस आली की ठरलेली रक्कम एक महिन्यात मालकाला द्यायची, नाहीतर न्यायाधिकरणात जमा करायची. मालकाला वाटलं तर मुदत थोडी वाढे. किंमत एकरकमी घ्यायची की हप्त्यांनी, हे ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला, पण वार्षिक हप्ते सहापेक्षा जास्त नाहीत. आणि मुदतीत रक्कम आली नाही, तर त्या माणसाला जमीन घ्यायचीच नाही असं कायदा धरून चाले. मालक पुढच्या माणसाकडे वळायला मोकळा. कुळाच्या बाबतीत तर याहून कठीण तरतूद होती. कुळाने जमीन घेतली नाही आणि ती दुसऱ्याला विकली गेली, तर त्याचा कूळ म्हणून असलेला हक्कही जाई आणि नव्या मालकाला ताबा देण्यासाठी त्याला बाहेर काढता येई. म्हणजे ज्या कलमाने कुळाला पहिला मान दिला, त्याच कलमाने पैसे नसलेल्या कुळाच्या पायाखालची जमीन काढून घेण्याची वाटही मोकळी केली. हे कलम वाचताना मला दरवेळी वाटतं की लिहिणाऱ्यांच्या मनात कुळाचं हित नक्कीच होतं, पण त्याच्या घरातली पैशाची चणचण त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती.

ही मुदतीची अट १९४८ साली कुणी नव्याने शोधून काढली नव्हती. अग्रक्रयाच्या, म्हणजे आधी विकत घेण्याच्या, हक्काला ती फार आधीपासून जोडलेली होती. मुस्लिम कायद्यातला शुफा हा या हक्काचा आपल्या देशातला एक जुना लेखी आधार. सहमालकाने किंवा शेजाऱ्याने विक्रीची बातमी कानावर येताच तिथल्या तिथे मागणी करायची, ती तलब-ए-मुवासिबत. मग साक्षीदारांपुढे पुन्हा करायची, ती तलब-ए-इशहाद. या मागणीच्या वेळी हातात पैसे असण्याची सक्ती नव्हती. पैशाचा प्रश्न येई तो दावा जिंकल्यावर. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने विसाव्या आदेशाच्या १४ व्या नियमात तो प्रश्न पक्का बांधून टाकला: हुकूमनाम्यात तारीख लिहायची, त्या तारखेपर्यंत किंमत आणि खर्च न्यायालयात जमा झाला तर ताबा आणि मालकी, आणि जमा झाला नाही तर दावा खर्चासह फेटाळलेला. जिंकलेला माणूस तारीख चुकली की हरलेला ठरे.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने हीच शिस्त कायम ठेवली. हैदराबाद राज्याच्या उच्च न्यायालयातून आलेल्या नागुबा अप्पा विरुद्ध नामदेव या प्रकरणातला निवाडा १९५४ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापून आला. अग्रक्रयाचा हुकूमनामा झाल्यावर नुसतं अपील दाखल केल्याने पैसे भरण्याची तारीख थांबत नाही, असं न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं. वरच्या न्यायालयाने हुकूमनाम्यात बदल केला नसेल, तर पहिल्याच तारखेला पैसे हजर हवेत. पंजाबात तर निकालाआधीच रक्कम मागण्याची सोय होती. १९१३ च्या तिथल्या कायद्यात वादीकडून किमतीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत अनामत किंवा जामीन घेता येई. तिला लोक जर-ए-पंजुम म्हणत. पश्चिम बंगालच्या कायद्यात किंमत आणि वर १० टक्के जमा केल्याशिवाय अर्जच उभा राहत नाही, असं २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं.

या सक्तीमागे कारण नाही असं नाही. ज्याने रोख मोजून जमीन घेतली, त्या खरेदीदाराला वर्षानुवर्षं टांगून ठेवणं हाही अन्यायच. पैसे नसताना दुसऱ्याच्या वतीने दावा लावायचा, खरेदीदाराला जेरीस आणून तडजोडीत काही उकळायचं, असे धंदे करणारे सगळीकडे असतात. अनामत मागितली की असले दावे आपोआप गळतात. पण त्याच चाळणीतून खरा, गरजू, वर्षानुवर्षं ती जमीन कसणारा माणूसही गळतो. या दोन गोष्टींचा तोल कसा सांभाळायचा, हा प्रश्न कृष्णेच्या खोऱ्यात फार जुना आहे.

आपल्याकडे जमिनीवरचा जवळच्या माणसांचा हक्क पूर्वी वेगळ्या रूपात होता. मराठेशाहीत मिरास, म्हणजे वंशपरंपरेची जमीन, विकायची तर भाऊबंदांची संमती आणि गोतसभेची साक्ष लागे. महजर होई, गावकरी आणि बलुतेदार साक्षीला बसत. तिथे रक्कम आणि तारीख यांपेक्षा चारचौघांसमोर झालेला व्यवहार मोलाचा असे. इंग्रजी अमलात जमीन सहज विकता आणि गहाण टाकता येऊ लागली, सारा रोखीने भरावा लागू लागला, आणि सावकाराच्या वहीला न्यायालयाचा आधार मिळाला. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. तासगाव तालुका त्यात आलाच.

हा कायदा या कहाणीत फार महत्त्वाचा आहे. एरवी गहाण सोडवायचं तर सगळी रक्कम एकदम उभी करावी लागे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही गहाण टाकणाऱ्याला एक सोय दिली: सावकार पैसे घेत नसेल तर रक्कम न्यायालयात जमा करायची, की पुढचं व्याज थांबलं. पण ती पुरती रक्कम असली तरच. दख्खनच्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागचा खरा व्यवहार उकरून बघायला सांगितलं, आणि गहाण सोडवण्याच्या हुकूमनाम्यात हप्ते पाडून देण्याचा अधिकार दिला. न्यायालयात पैसे भरून जमीन वाचवायची आणि तेही थोडेथोडे भरून, हा अनुभव साताऱ्याच्या शेतकऱ्याला इथे प्रथम मिळाला. आपल्या इतिहासलेखनात १८७५ च्या दंग्याला जितकी जागा मिळते, तितकी या हप्त्यांच्या कलमाला मिळत नाही, याची मला खंत वाटते. कुणब्याच्या घरात पैसा येतो तो सुगीला, आणि न्यायालयाची तारीख येते ती तिच्या मर्जीने. या दोहोंमधली दरी त्या कलमाने थोडी बुजवली.

न्यायाच्या वेगळ्या तऱ्हाही याच भागाने पाहिल्या. पलूसच्या शेजारी कुंडल. ते औंध संस्थानात होतं. तिथल्याच माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसवली. १९३९ च्या जानेवारीत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला, आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन यांची मेहनत होती. त्या घटनेत गावातले तंटे गावच्या पंचायतीने सोडवायचे, ही व्यवस्था होती. तीनच वर्षांत बेचाळीसचं आंदोलन उसळलं आणि साताऱ्याचं प्रतिसरकार उभं राहिलं. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे नेते, कुंडल हे त्याचं मोठं ठाणं, आणि कुंडलचेच जी. डी. बापू लाड तुफान सेनेच्या आघाडीवर. जून १९४३ मधली शेणोलीची रेल्वे लूट आणि एप्रिल १९४४ मधला धुळ्याचा खजिना यांच्या कथा अजून सांगितल्या जातात. पण प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, सावकारांनी गिळलेल्या जमिनी मूळ मालकांना परत मिळवून दिल्या, ही गोष्ट मला त्या लुटींपेक्षा मोठी वाटते. तिथे स्टँप लागत नव्हता, वकील लागत नव्हता आणि निकालाआधी रक्कम भरायची सक्तीही नव्हती. कसणारा कोण, हे गावाला ठाऊक असे.

त्या न्यायाची जरब हाच त्याचा आधार होता आणि जरबेवर चालणारा न्याय टिकाऊ नसतो, हेही खरं. मुद्दा एवढाच की १९४८ साली नवा कूळकायदा घेऊन सरकार तासगावच्या कचेरीत बसलं, तेव्हा समोर उभी असलेली माणसं भोळीभाबडी नव्हती. दहा वर्षांत त्यांनी ब्रिटिशांची दिवाणी न्यायालयं, औंधची पंचायत आणि प्रतिसरकारचं मंडळ असा तीन तऱ्हांचा न्याय पाहिला होता.

आणि त्याच वर्षी या भागावर मोठा आघात झाला होता. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा-सांगली पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. पिढ्यानपिढ्या गावात राहिलेली अनेक कुटुंबं पुणे-मुंबईकडे निघून गेली. त्यांची शेती बहुधा कुळांकडे होती. परगावी नवा संसार उभा करणाऱ्या माणसाला खंडाच्या चार पोत्यांपेक्षा रोख रकमेची गरज असते. साहजिकच जमिनी विकायला निघू लागल्या. त्याच वेळी कलम ६४ आलं. म्हणजे पहिला हक्क असलेलं कूळ आणि लवकर पैसा हवा असलेला मालक हे दोघेही अडचणीत असताना एकमेकांसमोर आले.

एक महिन्यात रक्कम कुठून आणायची? कोरडवाहू शेतीवाल्याच्या घरात रोख पैसा वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच दिसे. शाळू घरात येई तो खायला आणि खंडाला. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कृष्णा कालव्याचं पाणी ज्याच्या रानाला लागत होतं, त्याचा ऊस असे. गुऱ्हाळ उठलं, गूळ पेठेत गेला की हातात चार पैसे. हळद असेल तर तिचे. नोटीस नेमकी आषाढात आली, तर पेरणीच्या उसनवारीतच माणूस बुडालेला. मग बैलजोडी, बायकोचे डाग, किंवा पुन्हा सावकार. म्हणजे ज्याच्या तावडीतून जमीन सोडवायची, त्याच्याच दारात जमिनीसाठी जायचं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात ज्याचा भाऊ किंवा मुलगा कामाला होता, त्याच्या घरात दर महिन्याला पगार येई; त्याला ही रक्कम जुळवणं त्यातल्या त्यात सोपं. हक्क सगळ्या कुळांना सारखाच होता, पण तो पेलायची ताकद अशी घराघरात वेगळी होती.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. १९५७ साली तिचा अहवाल आला. कायदा येऊनही मालकांनी जमिनी परत घेणं आणि कुळं बदलणं मोठ्या प्रमाणावर चालूच राहिलं, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. नुसत्या हक्काने भागत नाही, हे तोवर सरकारलाही कळून चुकलं होतं.

१९५६ ची दुरुस्ती त्या जाणिवेतून आली. भाऊसाहेब हिरे महसूलमंत्री असताना तिची घडण झाली आणि ती १ ऑगस्ट १९५६ पासून लागू झाली. मालकाला विकायचं आहे का, हा प्रश्नच तिने बाजूला सारला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, कुंडलच्या जवळच्याच देवराष्ट्र्यात जन्मलेले. जमीनमालकांनी या दुरुस्तीला आव्हान दिलं. २४ नोव्हेंबर १९५८ रोजी श्रीराम राम नारायण मेढी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

माझ्या मते या दुरुस्तीतली खरी क्रांती मालकी देण्यात जितकी होती, तितकीच पैसे भरण्याच्या रीतीत होती. किंमत आकाराच्या, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या साऱ्याच्या, २० पटींपेक्षा कमी नाही आणि २०० पटींपेक्षा जास्त नाही. त्यात मालकाने काढलेली विहीर, बांधबंदिस्ती, झाडं यांचं मोल आणि थकलेला खंड मिळवायचा. ही रक्कम न्यायाधिकरणात जमा करायची, ती एक वर्षात एकरकमी किंवा जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत, साडेचार टक्के सरळ व्याजाने. समजा एखाद्या गटाचा आकार १० रुपये. तर मूळ किंमत २०० ते २००० रुपयांच्या आत. अगदी वरचा आकडा धरला तरी वर्षाला पावणेदोनशेच्या आत मुद्दल आणि वर व्याज. गुळाच्या एका हंगामात हे निघू शकत होतं. १८७९ साली गहाणापुरती उघडलेली हप्त्यांची वाट पाऊणशे वर्षांनी थेट मालकीपर्यंत येऊन पोचली.

‘३२ ग’ खालचं कचेरीतलं काम असं चाले. न्यायाधिकरणाची जाहीर नोटीस गावात लागे, दवंडी पिटली जाई, कुळाला आणि मालकाला स्वतंत्र नोटीस येई. ठरल्या दिवशी दोघे हजर. कूळ म्हणून कोण, जमीन किती, खंड काय होता, हे विचारून झालं की मुख्य प्रश्न येई: जमीन विकत घ्यायला राजी आहेस का? उत्तर लिहून घेतलं जाई आणि खाली सही नाहीतर अंगठा. ‘राजी आहे’ म्हटलं तर किंमत ठरे, हप्त्यांच्या तारखा पडत. ‘राजी नाही’ लिहिलं गेलं, किंवा माणूस आलाच नाही, तर खरेदी निष्फळ. मालक गावातलाच असला, घरच्या अडीनडीला धावणारा असला, त्याच्या वाड्यात दोन पिढ्या राबल्या असल्या, तर त्याच्यासमोर तोंड उघडून ‘राजी आहे’ म्हणणं किती जड जात असेल! कायद्याने ते दडपण ओळखलं आणि पुढच्या दुरुस्त्यांनी अशा कुळांना आणखी संधी दिली, हे त्याचं मोठेपण.

हप्ते सगळे भरून झाले की कलम ३२ म चं प्रमाणपत्र. खरेदीचा तो निर्णायक पुरावा. हप्ते थकले तर आधी जमीन महसुलाच्या बाकीसारखी वसुली. तरीही पैसे आले नाहीत तर खरेदी रद्द आणि भरलेले पैसे परत. एका चुकलेल्या तारखेला सगळं संपत नव्हतं. दिवाणी संहितेतल्या त्या १४ व्या नियमापासून कायदा किती दूर आला होता, ते इथे दिसतं.

मालकाची बाजूही सांगितली पाहिजे. परगावी गेलेल्या, पोराबाळांची शिक्षणं काढणाऱ्या कुटुंबाला बारा वर्षं तुकड्या-तुकड्याने मिळालेली रक्कम फार तोकडी होती, आणि रुपयाचं मोल वर्षागणिक उतरत होतं. विधवा, अज्ञान मुलं आणि अपंग मालक यांच्यासाठी कायद्याने खरेदी लांबणीवर टाकली. पण ती अडचण संपल्यावर ठरलेल्या एका वर्षात कुळाने खरेदीची इच्छा मालकाला आणि न्यायाधिकरणाला कळवायची, अशी अट होती. अज्ञान मालक सज्ञान कधी झाला, हे दूर गावातल्या कुळाला कसं कळावं? अनेक खऱ्या कुळांचे हक्क या एका वर्षात अडकले. १९६९ च्या दुरुस्तीने सज्ञान झाल्याचं मालकानेच कुळाला कळवावं असं ठरवलं. तोवर मात्र न्यायालयांत कज्जे उभे राहिले होते. पैशाच्या मुदतीतून सुटका करताना नोटिशीची मुदत कायद्याच्या नजरेतून निसटली होती.

कलम ६४ मागे पडलं. कूळच मालक झाल्यावर त्याला पहिला हक्क देण्यासारखं उरलं काय? शेजाऱ्याचा अग्रहक्क मात्र दुसरीकडे जिवंत राहिला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने तुकडा विकायचा तर लगतच्या खातेदारालाच विकता येईल असं ठरवलं. भावा-बहिणींच्या वाट्याबाबत १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ आहे: सहवारसाने हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना अग्रहक्क. ते शेतजमिनीलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं. किमतीवर एकमत झालं नाही तर अर्ज करणाऱ्याला न्यायालय ठरवील ती किंमत भरावी लागते आणि तेवढी तयारी नसेल तर खर्चही सोसावा लागतो.

कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ ची शर्त कायम राहिली: परवानगीशिवाय विक्री, गहाण, बक्षीस नाही. सातबाऱ्यावर तशी नोंद असते, आणि कर्जाला किंवा विक्रीला गेलं की तिथे काम अडतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२ म च्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून जमीन या परवानगीतून मोकळी करता येते. मघाच्या १० रुपये आकाराच्या गटाला हा नजराणा ४०० रुपये होतो. पलूस तालुक्यातल्या कुठल्याही गावात ज्याच्या आजोबांनी बारा हप्ते भरले, त्याने ते प्रमाणपत्र शोधून काढावं आणि या वर्षीच तहसील कचेरीत हे चलन भरून टाकावं.